भागीदारीला भाऊबंदकी समजू नका

रत्नागिरीत एखादा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी काजूचा कारखाना, आंब्याच्या पल्पचं युनिट किंवा किनाऱ्याजवळ पर्यटकांसाठी चार खोल्या काढायचं बोलू लागली, की घरातल्या जाणत्या माणसांचा सल्ला ठरलेला असतो. जे काय करायचं ते एकट्याने कर. भागीदार नको. घ्यायचाच झाला तर सख्खा भाऊ घे, परक्याला गल्ल्यावर बसवू नको. वर ‘भागीचं घोडं किवणाने मेलं’ ही म्हण ऐकवली जाते आणि विषय तिथेच मिटतो. या सल्ल्यामागे एक सिद्धान्तही उभा असतो : कोकणी माणसाला भागीदारी जमत नाही, तंटा त्याच्या रक्तातच आहे. जिथे बांधावरच्या एका माडासाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात, तिथे दोन परकी माणसं एका धंद्यात कशी टिकणार?

हा सल्ला मायेपोटी दिला जातो, याबद्दल मला शंका नाही. तरीही तो साफ चुकीचा आहे आणि या जिल्ह्याचं त्याने मोठं नुकसान केलं आहे. चांगली कल्पना, चांगले हात आणि चांगली जमीन असलेली माणसं त्याच्यामुळे आयुष्यभर लहान राहतात, किंवा कंटाळून मुंबईची गाडी पकडतात. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी त्या बांधावरच्या माडाचं बघू. आपल्याकडचे जुने तंटे कसले आहेत? सामाईक सातबाऱ्याचे. आजोबांच्या आजोबांनी लावलेली बाग, तिच्या उताऱ्यावर पुढच्या पिढ्यांची तीस-चाळीस नावं. त्यातली निम्मी माणसं मुंबई-पुण्यात, काहींचा पत्ताही कुणाला ठाऊक नाही. वाटप झालेलं नाही, कलमांना खत कुणी घालायचं ते ठरलेलं नाही, आंबा मात्र सगळ्यांना हवा आहे. ही माणसं एकमेकांच्या शेजारी जन्माने येऊन बसली. त्यांनी एकमेकांना निवडलं नाही, काही ठरवलं नाही, कशावर सही केली नाही. याला भाऊबंदकी म्हणतात. भागीदारी याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याचं पाचवं कलम हेच सांगतं : भागीदारीचं नातं करारातून निर्माण होतं, जन्माने मिळालेल्या स्थानातून नाही. वडिलोपार्जित धंदा एकत्र चालवणारे हिंदू कुटुंबातले लोक केवळ तेवढ्यामुळे भागीदार ठरत नाहीत, असंही तिथेच म्हटलं आहे. भाऊबंदकीचा अनुभव पुढे करून भागीदारीला नाव ठेवणारे मुळातच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत आहेत. आणि त्यावर उपाय म्हणून ते काय सुचवतात, तर सख्ख्या भावालाच घे. म्हणजे ज्या नात्याने सातबारा अडवून ठेवला, तेच नाते धंद्यात आणून बसवायचं!

राहिला रक्ताचा प्रश्न. हे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच किनाऱ्याकडे नीट पाहावं. रापण ही शेकडो वर्षांची मासेमारीची रीत. एका माणसाचं जाळं पुरत नाही, म्हणून अनेकांच्या जाळ्यांचे तुकडे जोडले जातात. होडीने ते जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं लागून ते ओढून आणतात. मासळी वाळूत पडली की वाटे होतात. जाळं देणाऱ्याला जाळ्याचा वाटा, होडीवाल्याला होडीचा, ओढणाऱ्याला अंगमेहनतीचा. भांडवल कुणाचं, अवजार कुणाचं, श्रम कुणाचे आणि प्रत्येकाला त्यापोटी काय मिळणार, हे जाळं पाण्यात पडण्याआधी ठरलेलं असतं. आज मोठ्या शहरांत भांडवलदार आणि नवउद्योजक वकिलांना बसवून जे ठरवतात, त्याचा गाभा याहून वेगळा नाही. आपल्या कोळी-गाबित बांधवांनी जे पिढ्यान्‌पिढ्या केलं, ते या मातीतल्या माणसाच्या स्वभावातच नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

म्हणीतलं घोडंसुद्धा भागीचं होतं म्हणून मेलं नाही. जखम धुवायची पाळी कुणाची, हे कुणी ठरवलं नव्हतं म्हणून मेलं.

आता ‘एकट्याने कर’ या सल्ल्याचा हिशेब मांडू, कारण खरी हानी तिथे होते. काजूचा धंदा घ्या. बी येते साधारण मार्च ते मे या काळात. कारखाना वर्षभर चालवायचा तर वर्षाची बी त्या दोन-तीन महिन्यांत रोख मोजून घ्यावी लागते आणि पावसाआधी वाळवून, पोती भरून कोरड्या जागी ठेवावी लागते. म्हणजे सगळा पैसा मे अखेर गोदामात अडकतो आणि तो सुटायला पुढचा शिमगा उजाडतो. मग बी वाफवणं, कटिंग, ड्रायर, सोलणी, ग्रेडिंग. कटिंगला हात बसलेला नसेल तर अख्ख्या गराऐवजी तुकडा पडतो आणि तुकड्याचा भाव अख्ख्याच्या जवळपासही जात नाही. नफा-तोटा तिथेच ठरतो. म्हणजे दिवसभर शेडमध्ये उभा राहणारा जाणकार माणूस हवा. त्याच वेळी मुंबई-पुण्याचा व्यापारी धरून ठेवणारा, उधारी वसूल करणारा, बँकेत जाऊन कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेणारा माणूसही हवा. ही दोन माणसांची कामं आहेत, तीनही होतील. एकट्याने करायला गेलेला काय करतो? पैसा पुरत नाही म्हणून तीन महिन्यांचीच बी घेतो, पावसाळा संपायच्या आत मशिनं थंड पडतात आणि बायका कामावरून घरी बसतात. किंवा तो विक्रीसाठी वणवण करतो आणि इकडे शेडमध्ये तुकडा वाढत जातो. शेवटी तो दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून देऊ लागतो. मालक होण्याकरता निघालेला माणूस आपल्याच कारखान्यात मजूर होतो. घरचे मात्र म्हणतात, बरं झालं, भागीदार घेतला नाही ते!

आंब्याचंही तेच. काढणीच्या दिवसांत पहाटे बागेत, दुपारी पेट्या भरताना आणि रात्री वाशीच्या भावाची चौकशी करताना एकच माणूस किती पुरणार? 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाचा फायदा घ्यायचा तर ग्राहकापर्यंत थेट पोहोचायला हवं, आणि बाग राखणारा व ग्राहक राखणारा ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात.

मग यावर दुसरा सल्ला पुढे येतो : मुंबईच्या भावाला घे. त्याच्याकडे पैसा आहे, तू इथे आहेस, जोडी जमली. रत्नागिरीतल्या बहुतेक घरगुती भागीदाऱ्या अशाच सुरू होतात आणि त्या का मोडतात हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नाही. सुरुवातीला एक वाक्य उच्चारलं जातं : ‘आपल्यात कसला हिशोब?’ माझ्या मते या जिल्ह्यात सगळ्यात जास्त धंदे या एका वाक्याने बुडवले आहेत. इथला भाऊ पहाटेपासून रात्रीपर्यंत शेडमध्ये असतो. मुंबईचा मे महिन्यात मुलांना घेऊन येतो, चार पेट्या गाडीत टाकतो आणि वर्षाच्या नफ्यातला अर्धा भाग मागतो. इथल्याला वाटतं, राबतो मी आणि हा आयता खातो. तिथल्याला वाटतं, फ्लॅट घ्यायचा पैसा याच्या शेडमध्ये घातला आणि हा खर्चाच्या पावत्याही दाखवत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनीही ठरवलेलं काही नाही, एवढाच दोष.

आणि ठरवलेलं नसलं की कायदा काय म्हणतो, ते मुद्दाम सांगतो. कारण भाऊ-भाऊ म्हणून पुढे जाणाऱ्यांना त्याची कल्पना नसते. भागीदारी कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा सगळ्या भागीदारांत सारखा वाटला जातो, भांडवल कुणी किती का घातलं असेना. आणि धंद्यात काम केल्याबद्दल कुणाही भागीदाराला पगार मिळत नाही. म्हणजे बारा तास शेडमध्ये उभ्या राहिलेल्या भावाच्या श्रमाची किंमत कायद्याच्या हिशेबी शून्य! कायदा निर्दय आहे म्हणून असं होत नाही. तो तुम्हाला म्हणतो, तुम्ही ठरवा, मी ते मानीन. तुम्ही काहीच ठरवलं नाहीत तर मला काहीतरी धरून चालावं लागेल. पंचविसावं कलम आणखी कडक आहे : भागीदार असताना धंद्याने केलेल्या देण्याला प्रत्येक भागीदार संपूर्णपणे जबाबदार. ‘मी फक्त पैसे घातले होते’ हे मुंबईच्या भावाने बँकेला सांगून उपयोग नाही. बँक त्याच्या फ्लॅटपर्यंत येऊ शकते. हे टाळायचं असेल तर 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या भागीदारीची सोय करून दिलेली आहे. ती कितीजणांना माहीत असते?

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पुढचा आहे आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, अहो, टिळक-आगरकरांचं पटलं नाही, तिथे आमची काय कथा? रत्नागिरीत हा दाखला विशेष जोरात दिला जातो, कारण टिळक इथे 1856 मध्ये जन्मले आणि त्यांचं जन्मघर आजही टिळक आळीत आहे.

ठीक आहे, तोच दाखला पुरता वाचू. 1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्या वर्षी आगरकर आले, केसरी आणि मराठा ही पत्रं निघाली, आर्यभूषण छापखाना चालू झाला. शाळा, छापखाना आणि दोन वर्तमानपत्रं, तीही सरकारी नोकरी नाकारलेल्या तरुणांनी कर्ज काढून. आजच्या भाषेत याला स्टार्टअप म्हणायला काही हरकत नसावी. चिपळूणकर 1882 मध्ये वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र राहिले. इतकी घट्ट मैत्री, इतका समान त्याग. तरी 1887 मध्ये आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि 1890 मध्ये टिळकांनी शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला.

केसरीतला वाद सामाजिक सुधारणेचा होता हे सगळ्यांना माहीत आहे. एक पत्र, एक संपादकीय आवाज आणि मालकांची दोन टोकाची मतं, हे चालणारच नव्हतं. पण सोसायटीतला वाद लोक विसरतात आणि नवा धंदा काढणाऱ्याने खरं म्हणजे तोच वाचला पाहिजे. आजीव सदस्यांनी ठरावीक अल्प वेतनावर राहावं की त्यात वाढ घ्यावी, बाहेरची कामं करून मिळकत करावी की सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, यावर तो पेटला होता. टिळकांचं म्हणणं असं की संपूर्ण वेळ आणि संपूर्ण निष्ठा ही मुळातली अट होती. सहकाऱ्यांना ती तशी वाटत नव्हती. प्रत्येकाने सुरुवातीच्या समजुतीचा आपापला अर्थ लावला होता. बाहेरची कमाई चालेल का, हा प्रश्न आजही दोन मित्रांनी काढलेल्या कुठल्याही कंपनीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येऊन उभा राहतो. एकाची नोकरी चालू असते, दुसऱ्याने सोडलेली असते आणि पहिल्या दिवशी त्यावर कुणी बोललेलं नसतं.

आणि पुढे? संस्था बुडाल्या का? हिशेब झाला. 1891 मध्ये कर्जाच्या बोज्यासह केसरी-मराठा टिळकांकडे आले, छापखाना वासुदेवराव केळकर आणि हरि नारायण गोखले यांच्याकडे गेला. आगरकर सुधारक हे आपलं पत्र चालवत होतेच. ते सोसायटीच्याच फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. केसरी, न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन आजही चालू आहेत. एवढ्या कडू अनुभवानंतरही टिळकांना भागीदारीची शिसारी बसली नाही. त्याच सुमारास लातूरला त्यांनी भागीदारीतच सरकी काढण्याचा जिनिंग कारखाना काढला. ज्यांचं उदाहरण देऊन तुम्ही मुलांना भागीदारीपासून परावृत्त करता, ते स्वतः तुमच्या मताचे नव्हते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. भागीदारी मोडली म्हणजे ती फसली, हा समजच खोटा आहे. 1929 मध्ये कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. शांताराम दिग्दर्शनाला, धायबर कॅमेऱ्याला, फत्तेलाल कलेला, दामले ध्वनी आणि तंत्राला. आणि पाचवे सोन्याचांदीचे व्यापारी सीतारामपंत कुलकर्णी, ज्यांनी पैसा उभा केला. पाचजणांची पाच कामं, एकाच्या कामात दुसऱ्याची लुडबूड नाही. धायबर काही वर्षांत बाहेर पडले, शांताराम 1942 मध्ये गेले आणि त्यांनी राजकमल उभं केलं. पण तोवर ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ होऊन गेले होते. यातला एक तरी चित्रपट यांपैकी कुणी एकट्याने काढला असता का?

परक्याशी भागीदारीच्या भीतीलाही आपल्याच महाराष्ट्रात उत्तर आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले वालचंद हिराचंद यांना घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा रुचेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बांधकामाच्या कंत्राटात हात घातला तो लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर, जे रेल्वेत कारकून होते. ना जात एक, ना भाषा एक, ना नाते-गोते. फाटकांना रेल्वेची कामं कशी निघतात आणि कशी पुरी करायची हे माहीत; वालचंदांकडे घराण्याची पत आणि धाडस. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही फाटक-वालचंद जोडी पुढे टाटांच्या बांधकाम कंपनीत मिसळली. वालचंदांनी घरातलाच कुणी घेतला असता तर घरात आधीच असलेलं भांडवल दुप्पट झालं असतं, नसलेलं ज्ञान मिळालं नसतं.

दुसऱ्या टोकाचा जो सल्ला हल्ली व्याख्यानांतून दिला जातो, तोही मला मान्य नाही. ‘तुमच्यासारखी स्वप्नं पाहणारा माणूस शोधा आणि निम्मी-निम्मी मालकी घेऊन कामाला लागा.’ सारखी स्वप्नं टिळक-आगरकरांचीही होती. आणि निम्मी-निम्मी मालकी ही अनेकदा अवघड बोलणं टाळण्याची पळवाट असते. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन 1990 मध्ये झालं तेव्हा केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6 असा ठरला. आठ वर्षांत रत्नागिरीवरून गाड्या आरपार धावू लागल्या. पाच सरकारांनी असमान वाटे डोळे उघडे ठेवून मान्य केले. दोन मित्रांना ते बोलायला संकोच का वाटावा?

माणूस पारखायचा कसा, याबद्दल माझं म्हणणं थोडं रोखठोक आहे. गप्पांत माणूस कळत नाही. त्याच्याबरोबर आधी एक हंगाम काढा. कंपनी नको, नाव नको. पन्नास पोती बी मिळून घ्या, फोडा, विका आणि हिशेब मिटवा. त्या चार-सहा महिन्यांत जे दिसायचं ते दिसतं. खरेदीच्या पावत्या तो स्वतःहून पुढे ठेवतो की मागाव्या लागतात? व्यापाऱ्याने माल परत पाठवला तेव्हा त्याने पहिला फोन कुणाला केला, आणि दोष कुणाच्या माथी मारला? पैसा यायला महिना उशीर झाला तेव्हा त्याच्या घरी चूल पेटत होती का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ज्याच्यावर घर चालवण्याचा ताण आहे तो वाईट भागीदार नसतो. पण त्याला पहिल्या महिन्यापासून पगार लागणार, हे दोघांनाही माहीत असायला हवं आणि करारात लिहिलेलं हवं. त्याच्या बायकोशी किंवा तिच्या नवऱ्याशीही बोला. ज्या घराला हा धंदा मान्य नाही, त्या घरातला भागीदार पहिल्या तोट्यालाच मागे ओढला जातो.

आणि हंगाम नीट गेला तरच कागद करा. इथे शेवटची अडचण उभी राहते : कागद मागितला की समोरच्याला अविश्वास वाटतो. ‘माझ्या शब्दावर भरवसा नाही का?’ मी या प्रश्नाला नेहमी सरळ उत्तर देतो. भरवसा आहे, पण तुझ्या आणि माझ्या पश्चात आपली मुलं हा हिशेब करणार आहेत आणि आपल्यात काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलेलं नाही. भागीदार वारला की वेगळं ठरलेलं नसेल तर कायद्याने भागीदारीच संपते. चालता कारखाना, अंगावरचं कर्ज आणि गोदामातली बी घेऊन दोन कुटुंबांना वकिलाकडे जावं लागतं. त्यामुळे त्या कागदावर कुणाला किती पगार, नफा कधी वाटायचा आणि किती धंद्यात ठेवायचा, बाहेरचं काम चालेल का, एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या वाट्याची किंमत कशी काढायची आणि ती किती हप्त्यांत द्यायची, एवढं तरी असायलाच हवं. आणि तो कागद घरच्या कपाटात ठेवून भागत नाही. संस्थेची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या भागीदारीला बाहेरच्याकडचं येणं वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. पैसे थकवणारा दलाल हे तुमच्याआधी ओळखून असतो.

ज्या थोरांनी आजवर ‘भागीदार नको’ एवढंच सांगितलं, त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. तुम्ही भाऊबंदकीचे खटले जवळून पाहिले आहेत, कुठे काय तुंबतं आणि कशावरून मनं फाटतात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा भागीदार शोधायला निघाला तर त्याला अडवू नका. दोघांना ओटीवर समोर बसवा, जे प्रश्न विचारायला ती दोघं कचरतात ते तुम्ही मोठ्याने विचारा, उत्तरं मिळेपर्यंत उठू देऊ नका. आणि करार तयार झाला की साक्षीदार म्हणून त्याखाली तुमची सही करा.